चमचा वाजला की

"प्रार्थनेला बसायला लागल्यापासून मी जास्त चिडकी झालेय, मॅडम. असं कसं होतं?"

मी ख्रिस्ती भाविकांना प्रार्थनेत मार्गदर्शन करते. शब्द वेगळे असतात, पण हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो, आणि जास्त करून रिट्रीटहून, म्हणजे घरापासून दूर काही दिवसांच्या प्रार्थना-शिबिराहून, परतलेल्या माणसांकडून. तिकडे मौनात राहिलेलं असतं, साक्रामेंतासमोर, म्हणजे चर्चमधल्या पवित्र भाकरीसमोर, तासन्‌तास बसता आलेलं असतं. घरी आल्यावर आठवडाभरात सगळं विरतं. मग वाटायला लागतं की खोट आपल्यातच आहे. ध्यान-चिंतन मठातल्यांनी करावं, संसारी माणसाने आपली जपमाळ ओढावी.

या बाई चाळिशीतल्या, पेशाने शिक्षिका. (त्यांच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) घरात नवरा, दोन मुलं आणि अंथरुणाला खिळलेले सासरे. आठ दिवसांच्या रिट्रीटच्या शेवटच्या संध्याकाळी त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं: रोज पहाटे साडेचार ते साडेपाच मौन प्रार्थना. सासऱ्यांचा आवाज आता फुटत नाही, म्हणून त्यांच्या उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा ठेवलेला. काही लागलं की ते पेल्यावर चमचा वाजवतात. कधी पाणी हवं असतं, कधी कूस बदलायची असते, कधी नुसतं किती वाजले ते विचारायचं असतं. आणि त्यांना जाग येते ती नेमकी पहाटे.

"काल चार वेळा," बाई म्हणाल्या. "परवा सहा. मी लिहून ठेवते."

खरंच लिहिलं होतं. प्रार्थनेची वही त्यांनी पर्समधून काढून दाखवली. पानावर वरती त्या दिवसाचं शुभवर्तमानातलं वचन, सुंदर वळणदार अक्षरात. खाली समासात छोट्या उभ्या रेघा, दुकानदार हिशोबाला मारतो तशा. जेवढे चमचे तेवढ्या रेघा.

आता माझी चूक सांगते. पहिल्या भेटीत मी वेळापत्रकाला हात घातला. म्हटलं, पहाटेचं सोडा, रात्री सगळे निजले की बसा. दोन आठवड्यांनी त्या आल्या त्या आणखी खचून. रात्री बसल्या की डोळा लागत होता, आणि चिडण्याच्या जोडीला आता झोपल्याचा अपराधही मानगुटीवर बसला होता. तेव्हा कुठे मी पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं ते विचारलं: झोपता किती? साडेअकराला पाठ टेकते, चारला उठते. साडेचार तास!

"ही माझी काळोखी रात्र असेल का?" त्यांनी विचारलं. देव दूर गेल्यासारखा वाटतो आणि प्रार्थना कोरडी पडते, त्या काळासाठीचा क्रूसभक्त संत योहानाचा हा शब्द हल्ली सगळ्यांच्या तोंडी आहे. पण या सोळाव्या शतकातल्या संतानेच बजावून ठेवलंय, की प्रार्थनेतला प्रत्येक कोरडेपणा म्हणजे ती रात्र नव्हे. कधी तो निव्वळ ढिलेपणा असतो, कधी शरीराची किंवा मनाची दुखणी असतात. म्हणून मी साधे प्रश्न विचारले. वर्गात शिकवताना बरं वाटतं का? मुलांशी हसता का? भूक लागते का? जगणं नकोसं वाटतं का? यांचं शिकवण्यात मन रमत होतं, भूक होती, असले विचार नव्हते. सगळ्याच गोष्टींतला रस गेला असता तर मी त्यांना संतांची गोष्ट सांगत बसले नसते, आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

एक तासाच्या निश्चयाबद्दलही बोललो. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकाला 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यात सुरुवातीलाच साधना करवून घेणाऱ्या मार्गदर्शकाला सूचना आहे: साधक उमाळ्यात, उत्साहात असेल तर त्याला घाईघाईने वचनं आणि नवस करू देऊ नका; आधी त्याचा स्वभाव बघा, परिस्थिती बघा. बाईंनी हे ऐकलं आणि हसल्या. "शेवटच्या संध्याकाळी मला वाटलं होतं, दोन तास बसेन."

तासाची वीस मिनिटं करायला मात्र त्या चटकन तयार झाल्या नाहीत. देवाला दिलेलं परत कसं घ्यायचं? अडत होतं ते इथेच. त्यांच्या लेखी देव त्या तासात होता आणि चमचा त्या तासावरचा दरोडा होता.

मग मी त्यांना फ्रान्समधल्या लिस्यूच्या संत तेरेजची आठवण करून दिली. गुलाबाची फुलं आणि गोड चेहऱ्याची तसबीर, एवढीच ती आपल्याला माहीत असते. 1888 मध्ये, पंधराव्या वर्षी, ती कार्मेल संघाच्या सिस्टरांच्या मठात गेली. तिथे एक वृद्ध, अपंग सिस्टर होती. संध्याकाळी सगळ्या मौन प्रार्थनेत असायच्या आणि सहाला दहा मिनिटं कमी असताना या आजींना भोजनगृहात न्यावं लागे. म्हणजे कोणीतरी प्रार्थनेतून उठायचं. आजी कुणालाच पसंत करत नसत, तरी तेरेजने हे काम मागून घेतलं. आजी आपलं वाळूचं घड्याळ हलवायच्या: चला! मागून कमरेचा पट्टा धरायचा, बेताने चालायचं. भराभर चाललं तर "मी पडणार", हळू चाललं तर "तुझा हातच लागत नाही". जागेवर बसवायचं, बाह्या दुमडायच्या, त्याही ठरलेल्या पद्धतीनेच. पुढे तेरेजच्या लक्षात आलं की त्या हातांना पाव कापता येत नाही. मग ती रोज पाव कापून द्यायची आणि निघताना छानसं हसायची. तिने स्वतःच लिहून ठेवलंय, की उठणं जड जायचं.

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "वाळूचं घड्याळ... म्हणजे यांचा चमचाच की."

संत व्हिन्सेंट डी पॉल सतराव्या शतकात आपल्या सेवाभगिनींना सांगत, की गरिबाच्या हाकेला प्रार्थना सोडून जाणं म्हणजे देवासाठी देवाला सोडणं. मला हे वचन फार प्रिय आहे आणि त्याची भीतीही वाटते. स्पेनमधल्या अविलाच्या संत तेरेजाचं (ही तेरेज नव्हे, दुसरी) 'देव भांड्याकुंड्यांतही वावरतो' हे वचन स्वयंपाकघरात अडकलेल्या बाईला गप्प करायला वापरलेलं मी कितीदा ऐकलंय. देव भांड्यांत असेल, तर भांडी घासायला नवऱ्यालाही यायला हरकत नसावी. म्हणून तिसऱ्या भेटीला मी नवऱ्याला बोलावलं. गृहस्थ साधे, चांगले. पहाटे त्यांना चमचा कधी ऐकूच आला नव्हता. मंगळवार आणि शुक्रवार त्यांचे, असं ठरलं. त्या रात्री ते वडिलांच्या खोलीतच झोपणार.

उरलेले दिवस बाईंचे. उठणं साडेपाचला, प्रार्थना वीस मिनिटं, रात्री साडेदहाला दिवा बंद. चमचा वाजला तर उठायचं. पण खोलीच्या दारात, चौकटीला हात लावून, एक श्वास थांबायचं आणि "येशू" म्हणायचं. एवढंच. आत गेल्यावर चेहरा बघायचा, पेला नंतर. मूळ प्रार्थनेकडे परत येता आलं तर यायचं, नाही तर तिथेच त्यांच्याजवळ बसायचं. आणि रात्री पाच मिनिटं इग्नाशियसचं दिवसाचं परीक्षण: आधी आभार, मग दिवस परत चाळायचा, कुठे जीव मोकळा झाला, कुठे आकसला. गुणपत्रिका करायची नाही, हे शिक्षिकेला मुद्दाम सांगावं लागलं.

हे सरळ झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्या सासऱ्यांवर ओरडल्या, पेला आपटला, मग दारात उभ्या राहून रडल्या. ते परीक्षणाच्या वहीत आलं. त्यांना मी एवढंच सांगितलं, की खुद्द अविलाची तेरेजा कित्येक वर्षं प्रार्थनेत देवापेक्षा घड्याळाच्या ठोक्याकडेच जास्त कान लावून बसायची, तास कधी संपतो म्हणून. हेही तिने स्वतः कबूल केलंय. 1970 मध्ये चर्चने तिला 'धर्मपंडिता' ही पदवी दिली!

एकदा म्हणाल्या, "दारातला तो श्वास आता शाळेतही होतो. वर्गात शिरताना." मी विचारलं नव्हतं.

सात-आठ महिन्यांनी त्या तीन दिवसांच्या रिट्रीटला गेल्या. घर नवऱ्याकडे. परतल्या तेव्हा बॅग खाली ठेवायच्या आतच नवऱ्याने विचारलं, "बाबा पहाटे किती वेळा गं चमचा वाजवतात?"

"मी म्हटलं, हल्ली मोजत नाही," बाईंनी सांगितलं. "मग तेच म्हणाले, काल पाच वेळा."