सगळ्या पार्ट्यांचा खातेउतारा काढताना ५०४ येतो, एनजिनएक्सचा टाइमआउट वाढवू का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: सोलापुरातल्या टॉवेल कारखान्याचं बिलिंगचं ॲप, लॅराव्हेल (पीएचपीची चौकट) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) यांवर. मार्चअखेरीला सुमारे ४०० पार्ट्यांचा वर्षाचा उतारा पीडीएफमध्ये काढायला तीन मिनिटं लागतात आणि मध्येच ५०४ येतो.

टाइमआउट वाढवू नका. ५०४ म्हणजे ‘मागच्या सर्व्हरकडून वेळेत उत्तर आलं नाही’ ही चूक, आणि ती देतो एनजिनएक्स, म्हणजे पुढे उभा असलेला वेब सर्व्हर. मागे पीएचपी कोड चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमकडून ६० सेकंद काहीच आलं नाही की तो वाट बघणं सोडतो. पण पीएचपीला ते कळत नाही; आउटपुट लिहायला जाईपर्यंत समोरचा गेलाय याचा त्याला पत्ताच नसतो. म्हणजे उतारा मागे बनतच राहतो, इकडे माणूस रिफ्रेश मारतो आणि तेच काम पुन्हा सुरू होतं. उबुंटूवर पीएम.मॅक्स_चिल्ड्रन (एकाच वेळी किती पीएचपी प्रोसेस चालतील याची मर्यादा) मुळात ५ असतं. दोघांनी दोन-तीनदा रिफ्रेश केलं की पाचही प्रोसेस अडकल्या, आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गाडी भरून उभी असली तरी तिचं साधं बिल निघत नाही. टाइमआउट ३०० केलात तर हीच कोंडी आणखी लांबेल.

कधी ५०४ तर कधी ‘मॅक्सिमम एक्झिक्युशन टाइम’ दिसत असेल तर गोंधळू नका. ती ३० सेकंदांची मर्यादा लिनक्सवर फक्त पीएचपीच्या स्वतःच्या कामाची आहे. डेटाबेसची वाट बघण्यात गेलेला वेळ त्यात धरत नाहीत.

काम रांगेत (क्यूमध्ये) टाकून मागे चालवण्याआधी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेल्या विचारणा, तपासा. प्रत्येक पार्टीच्या प्रत्येक बिलासाठी वेगळी क्वेरी जात असेल तर लॅराव्हेलचं विथ() लावून त्या एकत्र करा, आणि पार्टी व तारीख या दोन कॉलमांवर मिळून इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) घाला. निम्मा वेळ इथेच वाचू शकतो. पीडीएफ बनवण्याचा वेळ मात्र उरणारच, म्हणून ते काम रिक्वेस्टच्या बाहेर काढायचं.

बटण दाबलं की एका टेबलात नोंद करा: वर्ष, मागणारा, स्थिती (रांगेत, चालू, झालं, फसलं), फाइलचा पत्ता. काम रांगेत टाका आणि लगेच २०२ (‘काम स्वीकारलं, अजून झालेलं नाही’ हे उत्तर) व नोंदीचा नंबर परत द्या. ब्राउझरने दर तीन सेकंदांनी स्थिती विचारावी. एवढ्यासाठी वेबसॉकेट (सतत उघडी राहणारी जोडणी) नको. त्याच वर्षाचं काम आधीच रांगेत किंवा चालू असेल तर नवी नोंद न करता जुनाच नंबर द्या, म्हणजे रिफ्रेश कितीही मारला तरी काम एकदाच होतं.

रांगेसाठी रेडिस (मेमरीत चालणारा वेगळा डेटा-साठा) लागत नाही, रांग डेटाबेसच्याच टेबलात ठेवणारा डेटाबेस ड्रायव्हर पुरतो. उलट त्यात एक फायदा आहे: नोंद आणि काम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जातात, म्हणजे दोन्ही होतात किंवा दोन्ही होत नाहीत. रेडिस वापरलात तर आफ्टरकमिट लावा, नाहीतर कमिट व्हायच्या (ट्रान्झॅक्शन पक्कं व्हायच्या) आत वर्कर, म्हणजे रांगेतली कामं करणारी प्रोसेस, काम उचलतो आणि त्याला नोंदच सापडत नाही.

तीन मिनिटांचं एकच काम ठेवू नका. बस::बॅच (कामांचा गट करण्याची लॅराव्हेलची सोय) घेऊन प्रत्येक पार्टीमागे एक काम करा आणि शेवटी सगळ्या पीडीएफची झिप. मेमरी फुगत नाही, ‘४०० पैकी १३७’ असं दाखवता येतं आणि फसलेली पार्टी तेवढी पुन्हा चालवता येते. मात्र अलाउफेल्युअर्स लावायला विसरू नका. त्याशिवाय एक काम फसलं की अख्खी बॅच रद्द होते.

आता सगळ्यात जास्त फसवणारी जागा. वर्करचा टाइमआउट (एका कामाला दिलेला जास्तीत जास्त वेळ) मुळात ६० सेकंद असतो आणि कॉन्फिगमधला रिट्राय_आफ्टर (किती सेकंदांनी काम पुन्हा दुसऱ्याला द्यायचं) ९०. झिपसाठी कोणीतरी टाइमआउट ३०० करतो आणि रिट्राय_आफ्टर तसाच राहतो. ९० सेकंद उलटले की रांगेला वाटतं पहिला वर्कर मेला, आणि दुसरा तेच काम उचलतो. दोघं एकाच फाइलवर लिहितात, झिप उघडत नाही, पार्टीला ईमेल दोनदा जातो. रिट्राय_आफ्टर नेहमी टाइमआउटपेक्षा मोठा हवा: ३०० ला ३६०. फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहा, पूर्ण झाल्यावर नाव बदला. ईमेल वेगळ्या कामात ठेवा आणि ‘पाठवला’ ही खूण बघूनच पाठवा.

वर्कर सुपरवायझरखाली (प्रोसेस सतत चालू ठेवणाऱ्या प्रोग्रामखाली) चालवा, दोन पुरेत. सुपरवायझरचं स्टॉपवेटसेक्स (थांबवताना वाट बघायचा वेळ) मुळात १० सेकंद असतं. ते सगळ्यात लांब कामापेक्षा जास्त ठेवा, नाहीतर रीस्टार्टच्या वेळी काम मध्येच तुटतं. नवा कोड चढवल्यावर क्यू:रीस्टार्ट चालवायलाच हवं, कारण वर्करच्या मेमरीत जुनाच कोड असतो. ‘बदल केला तरी फरक पडत नाही’ अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच विचारतो.

शेअर्ड होस्टिंगवर सुपरवायझर मिळत नसेल तर दर मिनिटाच्या क्रॉनमधून (ठरल्या वेळी आदेश चालवणाऱ्या सोयीतून) क्यू:वर्क हे स्टॉप-व्हेन-एम्प्टी पर्यायासह चालवा, आणि एकावर एक वर्कर चढू नयेत म्हणून फ्लॉक (एका वेळी एकच चालू देणारं कुलूप) लावा. तयार झिप पब्लिक फोल्डरमध्ये ठेवू नका. पार्ट्यांची उधारी त्यात असते, त्यामुळे डाउनलोड लॉगिन तपासूनच द्या आणि आठवड्याने फाइल पुसून टाका.