जुन्या चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) घराच्या खिडक्यांना कापडी रोमन ब्लाइंड, म्हणजे वर ओढले की आडव्या घड्या पडणारे पडदे, घरीच शिवायचे आहेत. माप कसं घ्यावं? गोव्याच्या हवेत ते टिकतील का?

टिकतात, पण काढून धुता येतील असेच शिवा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींनाही ओल येते. कायमचे ठोकून टाकलेले ब्लाइंड असले की घड्यांच्या आत काळी बुरशी धरते, आणि ते डाग सहसा जात नाहीत. मी फोंड्याला घरगुती शिवणकाम करते. शिवून घ्यायला येणाऱ्यांना आधी हेच सांगते. वरची कड लाकडी पट्टीला वेल्क्रोने लावा आणि घड्या पाडणाऱ्या आडव्या काड्या सरकवून बाहेर काढता येतील असं बघा. गणेश चवथीच्या साफसफाईत उतरवून धुता येतात.

तुमचं घर चिऱ्यांचं आहे म्हणता, म्हणजे भिंत जाड आणि खिडकीचा गाळा (चौकटीभोवतीची भिंतीतली पोकळी) खोल असणार. ब्लाइंड गाळ्याच्या आत सुरेख दिसतो, पण जुनी चौकट क्वचितच काटकोनात असते. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा, सर्वांत कमी माप धरा आणि त्यातून एक सेंमी वजा करा. दोन्ही कर्णही मोजा. फरक सेंटीमीटरभराहून जास्त निघाला तर ब्लाइंड चौकटीच्या बाहेर, दोन्ही बाजूंना सात-आठ सेंमी जास्त घेऊन लावा. तिरक्या चौकटीला जुळवून कापड तिरकं मात्र कधीच कापू नका. ब्लाइंड वर ओढला की घड्या एका बाजूला कलतात, मग कितीही दोरी ताणली तरी सरळ होत नाहीत.

कापड म्हापशाहून घ्या की मडगावहून, कापण्याआधी धुवाच, आणि अस्तरही. सुती कापड पहिल्या धुण्यात तीन-चार टक्के सहज आटतं. १४० सेंमी उंचीत ते पाचेक सेंमी होतं. वरचं कापड आणि अस्तर कमीजास्त आटलं तर ब्लाइंडला फुगे येतात. दोरा पॉलिएस्टरचा वापरा, उन्हात आणि दमट हवेत सुती दोरा लवकर कुजतो.

काड्यांचा हिशेब नीट समजून घ्या, सगळी शोभा त्यावर आहे. समजा तयार उंची १४० सेंमी आणि काड्या चार. वरच्या पट्टीसाठी ५ वजा केले, उरले १३५. त्याला ९ ने भागा, येतात १५. पहिली काडी तळापासून १५ वर, पुढच्या ३०-३० च्या अंतराने: ४५, ७५, १०५. काड्यांचे नेफे अस्तरावर घाला, दीड सेंमी रुंद. एका नेफ्यात तीन सेंमी कापड जातं, म्हणून अस्तर १२ सेंमी जास्त कापा. नेफ्याचं एक टोक उघडं ठेवा.

काड्या फायबरग्लासच्या, रिंगा प्लास्टिकच्या, स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे. लोखंडी काडी खाऱ्या हवेत गंजते आणि गंज कापडात उतरतो. रिंगा नेफ्यावर, कडेपासून पाच सेंमी आत, मधे पंचवीस-तीस सेंमीवर उभ्या रांगेत हाताने शिवा, आणि त्याच टाक्यात पुढचं कापडही पकडा. दोरी सर्वांत खालच्या रिंगेला बांधून वर न्यायची.

घरात लहान मूल असेल तर दोरी गुंडाळायचा हूक जमिनीपासून किमान दीड मीटरवर लावा, आणि लोंबती दोरी ठेवू नका. गळ्याला फास बसू शकतो.