मार्चिंग स्नेअरची काठी घेताना

ड्रमसेटवरची ५ए मापाची काठी घेऊन मार्चिंग बँडच्या स्नेअर ड्रमवाल्यांच्या लाइनीत उभा राहू नकोस. ती जेमतेम ०.५६ इंच जाड असते, मार्चिंगची साधारण ०.७ इंच. मार्चिंग स्नेअरचं केव्हलर या चिवट धाग्याचं ताणलेलं पान बारीक काठीला दाद देत नाही, आणि रिमशॉट (पान आणि कडा एकदम वाजवणं) मारता मारता ती खांद्यापाशी, म्हणजे टोकाकडे निमुळती होते तिथे, तुटते.

लाकूड हिकरीचंच घे. मेपल हाताला हलकं लागतं, पण त्याचे ढलपे लवकर निघतात.

दुकानात घाई नको. काठी काचेच्या काउंटरवर लोळव. टोक थरथरलं तर वाकडी आहे, ठेव बाजूला. मग एकेक काठी सैल धरून वाजव आणि कान दे. दोघींचा सूर वेगळा लागला, तर उजवा आणि डावा हात वेगळा ऐकू येणारच. जोडी जुळेपर्यंत मी आठ-दहा काठ्या तरी वाजवून बघतो.

टोकाचा आकार मात्र एकट्याने ठरवू नकोस, अख्ख्या लाइनीचं मॉडेल एकच हवं. काठीवर पांढरी टेप गुंडाळ, ती झीज कमी करते. टेपने पुढचं वजन वाढतं, म्हणून घरी सरावाच्या पॅडवरही टेप लावलेलीच काठी वापर.