परक्या देशातील किराणा : वाचकांचे प्रश्न

नोकरी, शिक्षण किंवा कुटुंबाच्या निमित्ताने परदेशी राहायला गेलेल्या वाचकांची किराणा खरेदीविषयीची पत्रे एकत्र ठेवून वाचली, तेव्हा बहुतेकांची अडचण एकच असल्याचे दिसले : दुकानात सर्व काही मिळते, पण त्यावरचे काही वाचता येत नाही. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी युरोपात येऊन दोन महिने झाले. स्थानिक भाषेचा वर्ग लावला आहे. परंतु आठवड्याचे सामान आणायला मला दोन-दोन तास लागतात, कारण प्रत्येक वेष्टन फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून भाषांतर वाचावे लागते. एवढे करूनही चुकीची वस्तू घरी येतेच. यासाठी काही पद्धत सुचवाल का?

उत्तर : पद्धत आहे, आणि तिची सुरुवात शब्दांपासून होत नाही. वेष्टनाच्या दर्शनी बाजूवर असते ती मुख्यतः जाहिरात. कायद्याने छापावी लागणारी माहिती बहुधा मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत असते आणि तिचा बराचसा भाग आकड्यांचा असतो. भाषा यायला वर्ष लागेल, आकडे मात्र आपल्याला आजच वाचता येतात.

युरोपीय संघातील देशांत पोषणमूल्यांच्या तक्त्याचा क्रम ठरलेला आहे : ऊर्जा, स्निग्ध पदार्थ, त्यांपैकी संपृक्त, कर्बोदके, त्यांपैकी साखर, प्रथिने आणि शेवटी मीठ. हे सात आकडे दर १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमागे द्यावेच लागतात. तंतुमय पदार्थांची ओळ ऐच्छिक असते आणि ती दिली, तर साखर व प्रथिने यांच्या मध्ये येते. एवढा क्रम लक्षात ठेवला, की एकही शब्द न कळता पुष्कळ उलगडा होतो. शेजारीशेजारी ठेवलेल्या दह्याच्या दोन सारख्याच डब्यांपैकी एकाच्या साखरेच्या ओळीत ४ ते ५ ग्रॅम असतील आणि दुसऱ्याच्या ओळीत १३, तर पहिले साधे आहे (ती साखर दुधातलीच असते) आणि दुसरे गोड केलेले आहे. खारे लोणी आणि बिनमिठाचे लोणी यांतील फरक शेवटच्या ओळीत दिसतो, तर दूध आणि साय यांतला दुसऱ्या ओळीत. ऊर्जेचे दोन आकडे दिसले म्हणून गोंधळू नये. मोठा किलोज्यूलचा आणि लहान किलोकॅलरीचा असतो, व एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल.

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांनी मात्र सावध राहावे. तेथील तक्ता १०० ग्रॅमचा नसून एका वाढणीचा असतो आणि ती वाढणी किती ग्रॅमची हे तक्त्याच्या वरच लिहिलेले असते. ते न पाहता दोन पुड्यांची तुलना केली, तर लहान वाढणी सांगणारा पुडा विनाकारण सरस ठरतो. तेथे मिठाऐवजी सोडियम छापतात. त्याला २.५ ने गुणले की मीठ मिळते.

तक्त्यानंतर घटकसूची पाहावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिण्याचा नियम युरोप, अमेरिका आणि इतर बहुतेक देशांत आहे. म्हणून फळांच्या रसात पहिला शब्द पाण्याचा असेल, तर पुढे कितीही फळांची नावे आली तरी आपण मुख्यतः पाणी विकत घेत आहोत. कॅमेऱ्याचे भाषांतर वापरायचे ते या एका सूचीसाठी. साऱ्या वेष्टनासाठी वापरले की वेळ जातो आणि जाहिरातीच्या अलंकारिक मजकुराचे हास्यास्पद भाषांतर वाचून डोके अधिकच फिरते. २०१२ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेला ‘ओपन फूड फॅक्ट्स’ हा खुला माहितीसाठाही उपयोगी पडतो. बारकोड स्कॅन केला की त्यात नोंदलेल्या वस्तूंचे घटक समोर येतात, परंतु ही माहिती सामान्य लोकांनी भरलेली असल्यामुळे ती हातातल्या पुड्याशी ताडून घ्यावी.

आकड्यांनाही मर्यादा आहे, हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगते. परदेशातल्या पहिल्याच आठवड्यात मी दूध समजून आंबवलेल्या दुधाचा खोका आणला होता. दोन्हींचे तक्ते जवळजवळ सारखे होते आणि खोक्यांवर गायही एकच होती. त्यामुळे पंधरावीस शब्द पाठ करावेच लागतात : आंबवलेले, गोड, बिनसाखरेचे, खारे, गोठवलेले, भाजलेले, कच्चे, तिखट आणि आपण नेहमी आणतो त्या वस्तूंची नावे. ही यादी वर्गातल्या पहिल्या धड्याच्याही आधी करावी.

प्रश्न : प्रत्येक वस्तूची किंमत मनातल्या मनात मायदेशीच्या चलनात बदलून पाहिल्याशिवाय मला काही घेववत नाही. परिणामी अनेकदा रिकाम्या हाताने परत येते. ही सवय सोडावी का?

उत्तर : सोडावी. पगार आणि घरभाडे तेथल्या चलनात असताना भाजीचा हिशेब तेवढा दुसऱ्या चलनात केल्याने काहीच निष्पन्न होत नाही. तुलना करायची ती त्याच फळीवरच्या दोन वस्तूंची. किमतीच्या पट्टीवर मोठ्या आकड्याखाली बारीक आकड्यांत दर किलो किंवा दर लिटरचा भाव असतो. युरोपीय संघात १९९८ च्या निर्देशानुसार तो सामान्यतः सक्तीचा आहे. मोठा पुडा नेहमीच स्वस्त पडतो, हा समज या बारीक आकड्यांपुढे अनेकदा टिकत नाही. अमेरिकेत असा भाव सर्वत्र दिसेलच असे नाही आणि दिसला तरी तो पौंडाचा किंवा औंसाचा असतो : पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. नेहमीच्या दहा वस्तूंचे असे भाव एका वहीत टिपून ठेवावेत. महिनाभरात ‘महाग’ या शब्दाला आपल्यासाठी नवा अर्थ येईल. आणखी एक लक्षात ठेवावे : अमेरिकेत आणि कॅनडात फळीवरच्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, त्यामुळे काही वस्तूंचे बिल अपेक्षेपेक्षा जास्त येते, तो दुकानदाराचा लबाडपणा नव्हे.

प्रश्न : वेष्टनावरील तारीख उलटली की आम्ही वस्तू फेकून देतो. माझ्या सहकाऱ्यांच्या मते ही निव्वळ नासाडी आहे. कोणाचे बरोबर?

उत्तर : दोघांचेही अर्धे बरोबर आहे, कारण तारखा दोन प्रकारच्या असतात. एक सुरक्षिततेची : या दिवसानंतर खाऊ नये. ती कच्चे मांस, मासे, तयार सॅलड अशा लवकर बिघडणाऱ्या वस्तूंवर असते आणि तिच्याशी तडजोड करू नये; वस्तू दिसायला व वासाला चांगली असली तरीही नाही, कारण आजार निर्माण करणाऱ्या जिवाणूंना वास असतोच असे नाही. दुसरी दर्जाची : या दिवसापर्यंत चव, कुरकुरीतपणा, सुगंध उत्तम राहील. ती बिस्किटे, तांदूळ, डबाबंद पदार्थ यांवर असते. पुडा बंद आणि नीट ठेवलेला असेल, तर ती उलटल्यावरही वस्तू बहुधा खाण्याजोगी असते. आपण राहतो त्या देशात या दोन प्रकारांसाठी कोणते शब्दप्रयोग वापरतात ते शोधून फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवावे. या सदरातली एकच सूचना अमलात आणायची असेल, तर ती ही असू द्यावी. अमेरिकेत लहान बाळांच्या दूधपावडरीचा अपवाद सोडल्यास अशी तारीख छापण्याची संघराज्याच्या कायद्याची सक्ती नाही, म्हणून तेथील शब्दयोजना कंपनीगणिक बदललेली दिसते.

तारखेचा क्रमही तपासावा. ०५/०८ म्हणजे युरोपात पाच ऑगस्ट आणि अमेरिकेत आठ मे. जपान, चीन आणि कोरिया येथे वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. थायलंडमध्ये काही वेष्टनांवर बौद्ध संवत असते व ते ५४३ वर्षांनी पुढे आहे, म्हणून २०२४ च्या जागी २५६७ दिसले तर दचकण्याचे कारण नाही.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. येथे वेष्टनांवर शाकाहारी असल्याची खूण क्वचितच दिसते. मित्रांनी ‘ई’ क्रमांकांची एक भली मोठी यादी पाठवली असून त्यातील निम्म्या क्रमांकांपुढे फुली आहे. तिच्यावर विश्वास ठेवावा का?

उत्तर : अशा याद्या हातोहाती फिरत फुगत जातात. ‘ई’ क्रमांक म्हणजे युरोपात परवानगी मिळालेल्या खाद्यपूरक द्रव्याचा क्रमांक, एवढाच त्याचा अर्थ. ई १०० म्हणजे हळदीतला पिवळा रंग, ई ३०० म्हणजे क जीवनसत्त्व, तर ई ५०० च्या गटात खाण्याचा सोडा येतो. क्रमांक दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

ज्यांचा उगम निश्चितपणे प्राणिज आहे असे क्रमांक थोडे आहेत : ई १२० हा तांबडा रंग कीटकांपासून काढतात, ई ९०४ म्हणजे लाखेच्या किड्यापासून मिळणारी चकाकी आणि ई ५४२ हाडांपासून होते. मधमाश्यांचे मेण म्हणजे ई ९०१. ते चालते की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. खरी अडचण होते ती ई ४७१ सारख्या द्रव्यांची. ते वनस्पतीच्या तेलापासून होते तसेच प्राण्यांच्या चरबीपासूनही होते आणि क्रमांकावरून उगम कळत नाही. ई ६३१ आणि ई ९२० यांचेही तसेच आहे. येथे दोनच मार्ग उरतात : उत्पादकाला पत्र लिहून विचारणे, किंवा व्हीगन अथवा शाकाहारी प्रमाणचिन्ह असलेली वस्तू घेणे.

त्या यादीत सहसा सुटतात ते क्रमांक नसलेले दोन घटक. प्राण्यांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढलेले जिलेटिन हा खाद्यपदार्थच मानला जात असल्यामुळे युरोपात त्याला ‘ई’ क्रमांक नाही. मऊ गोळ्या, थरांची मिष्टान्ने, कधीकधी दहीसुद्धा त्याने घट्ट केलेले असते. दुसरा घटक चीज बनवताना दूध फाडण्यासाठी वापरले जाणारे रेनेट. ते वासराच्या जठरातून काढलेले असू शकते किंवा सूक्ष्मजीवांपासून तयार केलेले. पार्मिजानो रेज्यानो या संरक्षित नावाच्या इटालियन चीजच्या नियमावलीत वासराचेच रेनेट सांगितलेले आहे, त्यामुळे त्याची शाकाहारी आवृत्ती त्या नावाने मिळणे शक्य नाही. माझे मत विचाराल तर फुल्यांची यादी टाकून द्यावी आणि जिलेटिन, चरबी व रेनेट या तीन गोष्टींसाठीचे स्थानिक शब्द शिकावेत.

प्रश्न : गव्हाचे पीठ प्रत्येक दुकानात वेगळेच निघते. एकदा कणीक चिवट होते, एकदा मळताच तुटते. पुड्यावर ४०५, ५५० असे आकडे असतात, ते कशाचे?

उत्तर : ते राखेचे. जर्मन पद्धतीत १०० ग्रॅम कोरडे पीठ जाळल्यावर जेवढे मिलिग्रॅम राख उरते, तो पिठाचा क्रमांक. धान्याचा कोंडा पिठात जितका जास्त, तितकी राख जास्त. म्हणून ४०५ पांढरेशुभ्र आणि १०५० करडे. फ्रान्समध्ये माप तेच, पण एक शून्य कमी : तेथील ५५ म्हणजे साधारण जर्मन ५५०. परंतु चिवटपणा या क्रमांकावरून कळत नाही; तो पिठातल्या प्रथिनांवर अवलंबून असतो आणि प्रथिनांचा आकडा वर सांगितलेल्या तक्त्यात असतोच. ८-९ ग्रॅम असतील तर पीठ केकला योग्य, १२ च्या पुढे पावाला. ब्रिटनमध्ये स्वतः फुगणारे पीठही सर्रास मिळते. त्यात बेकिंग पावडरसारखे द्रव्य आधीच घातलेले असते, ते चुकून आणू नये.

प्रश्न : येथे दूध आणि अंडी फ्रिजबाहेर ठेवलेली असतात. ती सुरक्षित असतात का?

उत्तर : असतात. ते दूध १३५ अंश सेल्सिअस किंवा अधिक तापमानाला काही सेकंद तापवून निर्जंतुक खोक्यात भरलेले असते. खोका उघडला की मात्र फ्रिजमध्ये ठेवून काही दिवसांत संपवावे. युरोपात विक्रीची अंडी सामान्यतः धूत नाहीत, त्यामुळे कवचावरचे नैसर्गिक आवरण शाबूत राहते. अमेरिकेत ती धुतात, म्हणून तेथे ती थंडच ठेवावी लागतात. युरोपात अंड्यावरच छापलेल्या क्रमांकाचा पहिला अंक कोंबड्या कशा पाळल्या ते सांगतो : ० सेंद्रिय, १ मोकळ्या अंगणातल्या, २ बंदिस्त शेडमधल्या, ३ पिंजऱ्यातल्या.

प्रश्न : बारकोडच्या पहिल्या तीन अंकांवरून वस्तू कोणत्या देशात तयार झाली हे कळते, असे ऐकले. खरे आहे का?

उत्तर : नाही. ते अंक कंपनीने कोणत्या देशातील बारकोड संस्थेकडे नोंदणी केली एवढेच सांगतात. माल कुठेही तयार झालेला असू शकतो. उत्पादनाचा देश छापला असेल तर तो शब्दांतच शोधावा.

प्रश्न : स्वयंचलित बिलकाउंटरवर सुटी फळे-भाजी आली की मी अडकतो. पडद्यावर चित्रे शंभर, नावे अनोळखी आणि मागे रांग.

उत्तर : फळावरचा छोटा कागदी टिकला काढून टाकू नये. त्यावर चार अंकी क्रमांक असेल, तर अनेक देशांत तोच पडद्यावर टाकता येतो. साध्या पिवळ्या केळ्यांचा ४०११ आहे आणि त्याच्या आधी ९ जोडून ९४०११ झाला की ती सेंद्रिय. काही दुकानांत मात्र सुटा माल काउंटरवर येण्याआधीच भाजीच्या विभागातल्या काट्यावर स्वतः तोलून चिकटपट्टी लावावी लागते. म्हणून पहिल्या खेपेला पाच मिनिटे बाजूला उभे राहून इतर लोक काय करतात ते पाहावे, आणि रांग वाढलीच तर सरळ माणूस बसलेल्या काउंटरवर जावे.