ड्युओडेनम, जेजुनम आणि इलियम या लहान आतड्याच्या तीन भागांच्या स्लाइड प्रॅक्टिकलला कशा ओळखायच्या? मला तिन्ही सारख्याच दिसतात.

दिसणारच. निम्म्या स्लाइड तशाच असतात.

पुस्तकातलं तुम्हाला पाठ असेल: सबम्युकोसात (अस्तराखालच्या थरात) ब्रुनर ग्रंथी असतील तर ड्युओडेनम, पेयर्स पॅच (लिम्फ पेशींचे पुंजके) असतील तर इलियम, दोन्ही नसतील तर जेजुनम. आता माझं ऐका.

मी हिस्टॉलॉजी लॅबमध्ये 22 वर्षं टेक्निशियन होतो; टिश्यूचे पातळ काप, म्हणजे सेक्शन, कापून स्लाइड बनवणं माझं काम. एका वर्षी परीक्षेला जेजुनम लावलं आणि पोरांनी धडाधड 'कोलन', म्हणजे मोठं आतडं, लिहिलं. बाहेरून आलेले परीक्षक वैतागले, तर आमच्या सरांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "सेक्शन नीट कापलेलं नाही." मी गप्प बसलो. नोकरी होती.

सेक्शन 5 मायक्रॉनचं होतं. एक घडी नाही, सुरीचा एक ओरखडा नाही. टिश्यू पोस्टमॉर्टेमचा होता, तोही उशिरा हातात आलेला. माणूस गेल्यावर आतड्याचं अस्तर फार लवकर विरघळायला लागतं. फॉर्मॅलिनला उशीर झाला की व्हिलाय, म्हणजे अस्तराची बोटांसारखी टोकं, झडतात आणि खाली नुसत्या क्रिप्ट, म्हणजे अस्तरातल्या खोल नळ्या, उरतात. व्हिलाय नाहीत, क्रिप्ट आहेत, म्हणजे कोलन. पोरांचं काय चुकलं? ऑपरेशनमधला ताजा तुकडा मागवा, असा अर्ज मी दोनदा दिला होता. उत्तर आलं नाही.

एकाच मुलीने जेजुनम लिहिलं. तिने आधी लो पॉवरला अख्खं सेक्शन फिरवून पाहिलं. सबम्युकोसाचा गाभा घेऊन वर आलेली मोठी घडी तिला दिसली. कोलनच्या घडीत स्नायूचा थरही शिरतो, इथे तो खाली सरळ गेला होता. मग हाय पॉवरला क्रिप्टच्या तळाशी लाल दाण्यांच्या पॅनेथ पेशी; या मुख्यतः लहान आतड्यात असतात. तुम्हीही याच क्रमाने बघा.

अर्थात ब्रुनर ग्रंथी ड्युओडेनमच्या खालच्या भागात विरळ होत जातात, आणि पेयर्स पॅच मेसेंटरीच्या (आतड्याला पोटाच्या मागच्या भिंतीशी जोडणाऱ्या पडद्याच्या) विरुद्ध बाजूला असतात, त्यामुळे तुकडा कुठला घेतलाय त्यावर वरचा नियम पार झोपू शकतो. पॅनेथ पेशी उजव्या कोलनमध्येही थोड्या सापडतात, म्हणून घडी आधी.

आणि व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, अस्तर झडलेलं दिसलं तर 'ऑटोलिसिस आहे' म्हणा, म्हणजे मेल्यावर टिश्यू आपोआप विरघळलाय. 'सेक्शन खराब आहे' म्हणालात तर शेजारच्या खोलीत टेक्निशियन बसलेला असतो आणि दार उघडं असतं.