कानातले रातकिडे आणि ‘सवय करून घ्या’

प्रश्न : मॅडम, नमस्कार. माझं वय ४६, राहायला नाशिकच्या सिडकोत. अंबडला एका कारखान्यात पॉवर प्रेसवर आहे आणि गणपतीत ढोल पथकात वाजवतो. मागच्या विसर्जनानंतर दोन्ही कानांत रातकिडे किरकिरल्यासारखा आवाज सुरू झाला, तो गेलाच नाही. मशीनवर असताना कळत नाही, पण रात्री दिवा घालवला की सुरू. घरच्यांनी लसणाचं तेल घातलं. डॉक्टरांनी कान बघितला, म्हणाले, ‘पडदा चांगला आहे, याला इलाज नाही, सवय करून घ्या.’ गोळ्या लिहून दिल्या, त्यांनी फरक नाही. झोप उडाली आहे, पोरांवर उगाच ओरडतो. मी बहिरा होणार का? ढोल सोडावा लागेल का?

उत्तर : आधी तुमच्या भीतीबद्दल. कानातल्या या आवाजामुळे कोणी बहिरं होत नाही. मशीनच्या आणि ढोलाच्या दणक्यानं आतल्या कानाला काही इजा झाली असावी, आणि ती इजा या आवाजाच्या रूपानं जाणवते आहे. झालेली इजा भरून येत नसली, तरी पुढची थांबवणं बरंचसं तुमच्या हातात आहे.

‘सवय करून घ्या’ हे वाक्य माझ्याकडे तपासणीला येणाऱ्या कितीतरी जणांनी ऐकलेलं असतं आणि मला दर वेळी त्याचा राग येतो. ते खोटं नाही, अर्धं आहे. सवय होते. पण कशी होते हे कोणी सांगत नाही, आणि माणूस घरी जाऊन रात्रभर त्या आवाजावर पहारा देत बसतो. पहारा दिला की आवाज मोठा वाटतो, काळजी वाढते, काळजीनं झोप जाते, आणि झोप गेली की आवाज आणखी टोचतो.

पडदा चांगला असणारच, कारण बिघाड त्याच्या पलीकडे आहे. आतल्या कानात शंखाच्या आकाराची एक इवलीशी नळी असते आणि तिच्यात सुमारे १५,००० सूक्ष्म केसपेशी. वर्षानुवर्षांच्या मोठ्या आवाजानं त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. बारीक, उंच स्वर पकडणाऱ्या आधी जातात. त्यामुळे तुमच्यासारख्यांच्या ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर, बहुधा ४००० हर्ट्झच्या उंच स्वरांच्या आसपास खड्डा दिसतो. घरातलं बोलणं नीट ऐकू येतं, म्हणून कान ठणठणीत आहेत असंच वाटत राहतं. कानाकडून त्या स्वरांची खबर येईनाशी झाली की मेंदू स्वतःची ऐकण्याची ताकद वाढवतो. लांबचं स्टेशन लागेना म्हणून रेडिओचा आवाज वाढवावा आणि खरखरच मोठी व्हावी, तसं.

अगदी धडधाकट कानांनाही हे होतं. अमेरिकेत हेलर आणि बर्गमन यांनी १९५३ साली नीट ऐकू येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं होतं. त्यातल्या ९४ टक्के लोकांना काही ना काही आवाज ऐकू आले. शांतता जितकी गाढ, तितका हा आवाज ठळक. म्हणून माझं तुम्हाला पहिलं आणि सगळ्यात कळकळीचं सांगणं: रात्री पूर्ण शांततेत झोपू नका. पंखा चालू ठेवा. थंडीत पंखे बंद झाले की ‘आवाज वाढला’ म्हणून लोक येतात. तेव्हा मोबाइलवर पावसाचा नाहीतर वाहत्या पाण्याचा आवाज लावून तो उशीपासून थोडा लांब ठेवा. तो इतकाच हळू हवा की कानातले रातकिडेही त्यातून थोडे ऐकू यावेत. पूर्ण बुडवून टाकलं तर मेंदूला त्याकडे दुर्लक्ष करायला शिकताच येत नाही. आणि हे शिकायला महिने लागतात, आठवड्यात निकाल मागू नका.

तपासणीत ऐकणं कमी निघालं तर श्रवणयंत्राचा विचार करा. चाळिशीतली माणसं यंत्राचं नाव काढलं की लाजतात, पण बाहेरचे आवाज पुन्हा येऊ लागले की आतला पुष्कळांना फिका वाटतो. आवाजामुळे होणारा त्रास कमी करण्यात सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो सीबीटी या समुपदेशनाचा. ‘आता आयुष्यभर झोप येणार नाही’ असे जे विचार तुमच्या मनात रात्री फिरत असतील, ते पकडून बदलायला त्यात शिकवतात. मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा मानसशास्त्रज्ञाकडे जाण्यात कमीपणा मानू नका. फारच उदास वाटलं, जीव नकोसा झाला, तर टेली मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करा, मराठीत बोलता येतं.

गोळ्यांचं स्पष्टच सांगते. हा आवाज घालवणारं खात्रीचं औषध आज नाही. जिंको या झाडाचा अर्क आणि झिंक यांची शिफारस करू नये, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांतच म्हटलं आहे. लसणाचं तेल आतल्या कानापर्यंत पोहोचतच नाही. पडद्याला भोक असेल तर अपाय मात्र होतो. काडीही घालू नका, मळ आत ढकलला जातो आणि नुसत्या मळानंही कान वाजतात. चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा. ॲस्पिरिनचा मोठा डोस, काही प्रतिजैविकं, कर्करोगावरची काही इंजेक्शनं यांनीही असा आवाज येतो. मात्र स्वतःच्या मनानं कुठलीही गोळी बंद करू नका.

आता ढोल. नाशिकच्या माणसाला ढोल सोड म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि तशी गरजही नाही. हिशोब समजून घ्या. ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत कानाला चालतो असं धरतात. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. पथकाच्या मधोमध, ताशाच्या शेजारी आवाज त्याच्याही वर जातो आणि तुमचा सराव तासन्‌तास चालतो, तोही दिवसभर प्रेसवर उभं राहिल्यावर. कापसाचा बोळा काही कामाचा नाही. फोमचे इअरप्लग आणा. प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवून फुगेपर्यंत धरून ठेवायचा. अर्धा बाहेर लोंबत असेल तर तो नसल्यातच जमा. ताल नीट कळत नाही अशी तक्रार असेल, तर वादकांसाठी वेगळे प्लग मिळतात, सगळे स्वर सारखे कमी करणारे. पथकातल्या पोरांनाही द्या, त्यांचे कान अजून शाबूत आहेत. घरात मात्र प्लग घालून बसू नका, शांततेनं त्रास वाढेल.

कारखान्यात इअरमफ मागा. आवाजानं येणारा बहिरेपणा कायद्याच्या परिशिष्टात नोंद करण्याजोगा आजार म्हणून दिलेला आहे. ईएसआयचं, म्हणजे कामगार विमा योजनेचं, कार्ड असेल तर ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) तिथूनच करून घ्या आणि कागद जपून ठेवा. तपासणीच्या आधी १४ ते १६ तास मोठ्या आवाजापासून लांब राहायचं, म्हणून सुट्टीनंतर सकाळी, शिफ्टच्या आधी जा.

प्रश्न : मी ६१ वर्षांची, नाशिक रोडला राहते. फक्त उजव्या कानात धक-धक असा आवाज येतो, अगदी नाडीच्या ठोक्याबरोबर. वयामुळे असेल का?

उत्तर : ताई, वयावर ढकलू नका, आणि वर लिहिलेले पंखा-पावसाचे उपाय करत थांबूही नका. तुमचा प्रकार वेगळा आहे. नाडीबरोबर येणारा आवाज बहुतेक वेळा रक्तप्रवाहाशी निगडित असतो. रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासून घ्या आणि याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. ते बहुधा रक्तवाहिन्यांचा स्कॅन सांगतील, तो टाळू नका. पुष्कळदा कारण साधं निघतं, पण ते बघितल्यावरच कळतं. आवाज नाडीबरोबर नसला, तरी एकाच कानात येत असेल आणि त्या कानानं कमी ऐकू येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायलाच हवं, कारण क्वचित श्रवणाच्या नसेवर गाठ असते आणि ती एमआरआयमध्ये दिसते.

हे सगळ्याच वाचकांसाठी: एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, मग त्यात आवाज असो वा नसो, तर सर्दीनं दडा बसला असेल म्हणून वाट पाहू नका. स्टेरॉइडचा उपयोग होतो तो सुरुवातीच्या दिवसांतच. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रविवार असला तरी.