आधी क्रम, मग साल

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

बुद्ध आणि महावीर यांच्या काळावरचं तुझं टिपण वाचलं. वाचन भरपूर केलं आहेस. पण पहिल्याच पानावर महावीरांच्या निर्वाणासाठी इ.स.पू. 527 आणि बुद्धांच्या परिनिर्वाणासाठी, म्हणजे मृत्यूसाठी, इ.स.पू. 483 असे दोन आकडे मांडून तू पुढचा सगळा पुरावा त्यांच्याशी जुळवत गेलीस. प्राचीन ग्रंथांत इसवी सन नसतो. कोण कोणाच्या आधी गेलं, तेव्हा गादीवर कोण होतं, मध्ये किती वर्षं लोटली, एवढंच त्यांत असतं. म्हणून आधी क्रम लाव. साल शेवटी येऊ दे.

तो क्रम टांगायला ग्रंथांबाहेरची एक पक्की खुंटी लागते आणि ती म्हणजे अशोक. तेराव्या शिलालेखात त्याने अंतियोक, तुरमाय, अंतिकिनि, मग (मगस) आणि अलिकसुंदर या पाच यवन राजांची नावं दिली आहेत. त्यांचे काळ ग्रीक साधनांवरून कळतात, म्हणून अशोकाचा अभिषेक इ.स.पू. 268 च्या आसपास धरता येतो. सिंहली परंपरेतले दीपवंस आणि महावंस हे बौद्ध ग्रंथ म्हणतात, परिनिर्वाणानंतर 218 वर्षांनी अभिषेक झाला. हिशेब इ.स.पू. 486 ला पोचतो. अशोकावदान या संस्कृत बौद्ध ग्रंथात बुद्ध भविष्य सांगतात, की आपल्यामागे शंभर वर्षांनी हा राजा होईल. हिशेब इ.स.पू. 368 वर येतो. फरक तब्बल 118 वर्षांचा!

शंभर हा भविष्यवाणीतला गोल आकडा म्हणून तू तो बाजूला सारलास, ते मला पटतं. पण 218 गोल नाही एवढ्यावरून तो खरा ठरत नाही. त्याच सिंहली परंपरेत उपालीपासून मोग्गलिपुत्त तिस्सापर्यंत विनयाचे, म्हणजे भिक्खूंच्या नियमांचे, फक्त पाच आचार्य येतात. दोन शतकांहून मोठा काळ पाच माणसांनी भरून काढायचा, हे मला ओढूनताणून वाटतं. बौद्ध धर्माचे अभ्यासक रिचर्ड गोम्ब्रिच यांनी याच आचार्यांच्या वयांची फेरमांडणी करून परिनिर्वाण इ.स.पू. 404 च्या सुमारास आणलं. त्यांचं साल तू मान्य कर किंवा नको करूस, पण ती मांडणी स्वतः कागदावर करून बघ.

महावीरांच्या 527 बाबत तू लिहितेस की दोन स्वतंत्र परंपरा त्याला दुजोरा देतात. एक म्हणते, निर्वाण विक्रम संवताच्या 470 वर्षं आधी झालं. दुसरी म्हणते, शकाच्या 605 वर्षं 5 महिने आधी. आता 605 मधून 470 वजा कर. उरतात 135, म्हणजे विक्रम आणि शक यांच्यातलंच अंतर. एका आकड्यावरून दुसरा सहज काढता येतो, तेव्हा यांना दोन साक्षी म्हणू नकोस. शिवाय जैन आचार्य हेमचंद्र चंद्रगुप्त मौर्याला निर्वाणानंतर 155 वर्षांनी गादीवर बसवतात. चंद्रगुप्त इ.स.पू. 321 च्या आसपासचा धरला, तर निर्वाण इ.स.पू. 476 च्या सुमारास येतं. मधली पन्नासेक वर्षं कुठे गेली, याचं उत्तर तुझ्या टिपणात हवं होतं.

आणि आता या विषयातली मला सर्वांत मोलाची वाटणारी जागा. दोघांपैकी आधी कोण गेलं? पाली बौद्ध ग्रंथ मज्झिमनिकायातल्या सामगामसुत्तात बुद्ध हयात असताना बातमी येते, की निगंठ नातपुत्त, म्हणजे महावीर, पावा येथे वारले आणि त्यांच्या अनुयायांत भांडणं लागली आहेत. पण महापरिनिब्बानसुत्त सुरू होतं तेव्हा मगधाचा राजा अजातशत्रू वैशालीच्या वज्जींवर चढाई करायच्या विचारात आहे आणि बुद्ध आयुष्याच्या अखेरीला आले आहेत. जैन भगवतीसूत्र याच राजाचं, म्हणजे कूणिकाचं, वैशालीकरांशी झालेलं युद्ध आजीविक पंथाचा प्रमुख मक्खली गोशाल याच्या मृत्यूच्या थोडंच आधी झालेलं धरतं, आणि गोशालानंतर महावीर आणखी सोळा वर्षं जगले असं सांगतं. ही युद्धाची हकीकत एकच असेल तर महावीर बुद्धांच्या मागे राहिले. पावेची बातमी मुळात गोशालाच्या मृत्यूची असावी आणि पुढे नावांची गल्लत झाली, असंही काही अभ्यासकांनी सुचवलं आहे. मला भगवतीसूत्राचं पारडं थोडं जड वाटतं. स्पर्धक पंथात फूट पडल्याची बातमी सांगण्यात बौद्ध भिक्खूंना रस होता, पण गोशाल सोळा वर्षं आधी गेला असं घडवून सांगण्यात जैनांचा फारसा फायदा दिसत नाही. प्रत्येक आकड्यापाशी हाच प्रश्न विचारत जा, की हे असं सांगून कोणाचं काय साधतं?

आणखी एक. अशोकाच्या लघुशिलालेखातला 256 हा आकडा ब्यूलर यांच्यासारख्या मोठ्या पंडिताने परिनिर्वाणानंतरची वर्षं म्हणून वाचला होता. ती प्रवासातल्या रात्रींची संख्या आहे, असं आता मानतात. तू जुन्या पुस्तकातून तो पुरावा उचलला आहेस, तो काढून टाक.

पुढचं टिपण पाठवशील तेव्हा त्यात एकही इसवी सन नको. अजातशत्रूचा पिता बिंबिसार, अजातशत्रू, गोशाल, बुद्ध, महावीर, चंद्रगुप्त, अशोक यांचा नुसता क्रम लाव, आणि प्रत्येक जोडीपुढे ती कोणत्या ग्रंथावरून घेतलीस ते लिही. दोन ग्रंथ भांडत असतील तिथे दोन्ही क्रम तसेच ठेव, आपल्या मनाने मिटवू नकोस. मग आपण बसून साल लावू.

तुझा,
सर